आधी सूट की आधी कर

सेलच्या पहिल्याच सकाळी बॅगांच्या दुकानात दोन बिलं समोरासमोर आली आणि मालकांच्या तीस वर्षांच्या अब्रूला घाम फुटला.

एक बिल नर्सबाईंचं, खुद्द मालकांनी केलेलं. दुसरं एका बस कंडक्टरचं, शेजारच्या गल्ल्यावर बसलेल्या सूनबाईने केलेलं. बॅग तीच, हजार रुपयांची. सूट वीस टक्के, कर दहा टक्के. मालकांनी आधी दोनशे सूट वजा करून उरलेल्या आठशेवर ऐंशी कर लावला होता. सूनबाईने आधी हजारावर शंभर कर चढवून मग अकराशेवर सूट दिली होती.

नर्सबाईंचं म्हणणं, त्यांना सूट दोनशे वीस आणि मला दोनशेच, हा कुठला न्याय? कंडक्टरचं म्हणणं, बाईंना कर ऐंशी आणि मला शंभर, तो काय म्हणून? खालची बेरीज बघायला दोघांनाही सवड नव्हती. मागच्यांच्या कानावर तेवढंच गेलं. ज्यांना सूट जास्त हवी होती ते सूनबाईच्या रांगेत घुसले, कराचा धसका घेतलेले मालकांच्या. दाराशी रांगांची अशी गाठ बसली, की एक गृहस्थ दुसऱ्याचीच बॅग ओढत रस्त्यापर्यंत गेले.

सून नवी आहे, चुकली असेल, ज्याचं नुकसान झालं त्याला भरून देऊ, असं मालकांनी जाहीर केलं आणि तिची सगळी बिलं आपल्या पद्धतीने पुन्हा करायला घेतली. पहिलं आठशे ऐंशी. तिचंही आठशे ऐंशी. सातव्या बिलाला त्यांनी चष्मा पुसला, बाराव्याला पाणी मागवलं. तिची चूक सापडेना, तेव्हा आपलंच डोकं फिरलं की काय, अशी त्यांना शंका यायला लागली.

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाली, "सगळी तपासलीत तरी फरक निघायचा नाही."

तिने खोक्याच्या झाकणावर लिहिलं: किंमत × ०.८ × १.१. त्याखाली: किंमत × १.१ × ०.८. आठ दशांश म्हणजे सूट जाऊन उरलेला भाग, एक पूर्णांक एक दशांश म्हणजे कर चढलेली रक्कम. गुणाकारात आधी कोण आणि नंतर कोण, याने काही बिघडत नाही. तरी कुणाला पटेना, म्हणून तिने छोट्या पर्सा मांडल्या. दोन ओळींत तीन-तीन, मग तीन ओळींत दोन-दोन. कंडक्टरने माणसं मोजायच्या सवयीने बोट नाचवत मोजल्या. दोन्ही वेळा सहाच.

मालकांची छाती फुगली. "ही आमची सून," ते रांगेला म्हणाले. "मी पसंत केलेली." पसंत मुलाने केली होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

कंडक्टर बॅग उचलून निघाला. नर्सबाई मात्र हलल्या नाहीत.

"पटलं मला," त्या म्हणाल्या. "पण माझं बिल सूनबाईंच्या पद्धतीने करून द्या. सूट दोनशे वीस दिसली की घरी बरं पडतं."

हे ऐकून सगळी रांग सूनबाईकडे वळली. मालकांसमोर कुणीच उरलं नाही. ते उठले आणि बॅगा पुसून गिऱ्हाइकांच्या हाती देऊ लागले. देताना प्रत्येकाला, कुणी न विचारता, सांगत होते, "निवांत जा. हिशेब आमच्या सूनबाईंनी केलाय."