मावशींच्या ट्रॅक्टरचा बंब

शैलामावशी ट्रॅक्टरला गोधडी घालतात. थट्टा करत नाहीये. जुन्या सुती साड्यांची, हाताने शिवलेली, चांगली जाड गोधडी आहे. थंडीच्या दिवसांत अंधार पडायला लागला की मावशी कानटोपी आणि गमबूट घालून शेडमध्ये जातात, बॉनेटवर गोधडी पसरतात, कडा खोचतात आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये ट्रॅक्टरचा प्लग घालतात. मग "झोपा आता" म्हणून दिवा घालवतात. ट्रॅक्टरला अहो-जाहो! मी मात्र "अरे गाढवा".

हे सगळं कुठे चालतं, तर ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या बाहेर, गाडीने वीसेक मिनिटांवर. क्वीन्सलँड म्हणजे ऊन आणि समुद्र असं सांगून ज्या एजंटाने मला इथल्या युनिव्हर्सिटीत पाठवलं, त्याला एकदा जुलैच्या पहाटे मावशींच्या अंगणात अनवाणी उभं करायची माझी फार जुनी इच्छा आहे. गवत पांढरं होतं हो! नळातलं पाणी गोठतं. असल्या गारठ्यात जुनं डिझेल इंजिन काही केल्या उठत नाही. म्हणून इंजिनाच्या पोटात, जिथे कूलंट, म्हणजे इंजिनाचं पाणी, फिरतं तिथे, विजेवर तापणारी एक कांडी बसवलेली असते. रात्रभर पोटात ऊब राहिली की सकाळी इंजिन पहिल्या हाकेला ओ देतं. जग याला ब्लॉक हीटर म्हणतं. मावशी बंब म्हणतात. त्यांच्या माहेरी, कोल्हापूरला, अंघोळीचं पाणी बंबात तापायचं. पोटात पाणी आणि मधे विस्तव, म्हणजे बंबच की, असं त्यांचं म्हणणं. यावर वाद घालायची सोय नाही.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहतो. इथल्या हॉस्पिटलात त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. निम्म्या गावाला त्यांनी कधी ना कधी झोपवलेलं आहे. सुपरमार्केटात अनोळखी माणसं त्यांना थांबवून "तुम्ही माझ्या ॲपेंडिक्सला होता" असं सांगतात. यावर मावशींचं ठरलेलं उत्तर असतं, "झोपवणं कुणालाही जमतं. उठवायला अक्कल लागते." काका गेले, पाठोपाठ त्या रिटायर झाल्या, आणि लोकांनी देवदर्शनाचे सल्ले द्यायला सुरुवात केली तेव्हा यांनी पंधरा एकर माळ आणि एक म्हातारा लाल ट्रॅक्टर विकत घेतला. गवत कापतात, पडलेली झाडं ओढतात, शेजारच्या ग्रॅहमच्या गाईंना चाऱ्याचे गठ्ठे नेऊन टाकतात. पान्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. मला परवानगी आहे ती पाना धरायची. फिरवायचा कसा, ते त्या सांगणार.

ग्रॅहम भला माणूस आहे. एका सकाळी मावशींचा ट्रॅक्टर कुरकुरत होता म्हणून तो आपला एक डबा घेऊन आला. इकडचे शेतकरी थंड इंजिनाच्या नाकात ईथरचा फवारा मारतात, की ते दणक्यात उठतं. "जस्ट अ व्हिफ ऑफ ईथर, शैला. शी'ल बी राइट," म्हणत त्याने डबा हलवला. मावशींनी तो हातातून हिसकावून घेतला.

"ईथर? अरे, ईथर झोपवायला असतं! उठवायला नाही!"

बोलल्या इंग्रजीत, पण राग शुद्ध मराठी होता. "उभ्या जन्मात मी ईथर देऊन पेशंट उठवलेला नाही, आता काय ट्रॅक्टरपासून सुरुवात करू?" ग्रॅहमने टोपी काढून माफी मागितली. तो डबा अजून मावशींकडे जप्त आहे.

तर या जुलैत बंब गेला. संध्याकाळी मावशींनी प्लग घातला आणि फट्‌ करून सेफ्टी स्विच उडाला, शेडमध्ये अंधार. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. कांडी जळली होती. सकाळी ट्रॅक्टर नुसता कण्हला, बॅटरी बसली, आणि नेमका त्याच वेळी सिडनीजवळच्या क्वेकर्स हिलहून नितीनचा, म्हणजे मावशींच्या एकुलत्या एका मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. त्याला काय दिसावं? बर्फगार शेडमध्ये गमबूट घालून ट्रॅक्टरला शिव्या घालणारी आई.

"आई, इनफ," तो म्हणाला. "मी शुक्रवारी येतो. मंडेला सुट्टी टाकतो आणि एजंटला बोलावतो. ही जागा विकून टाकू. घरामागचा ग्रॅनी फ्लॅट रिकामाच आहे आमच्याकडे."

मावशींनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाल्या, "शनिवारी पहाटे तुझ्यासमोर पहिल्या किल्लीला उठवते. नाही उठला तर बोलाव तुझ्या एजंटला, मी बॅग भरते. उठला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

नितीन म्हणाला, "कबूल." ट्रॅक्टर उठणार नाही याची त्याला खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

नवा बंब आणायला आम्ही पार्ट्सच्या दुकानात गेलो. मी गाडी लावून आत येईपर्यंत मावशी काउंटरवर पोचल्या होत्या आणि त्यांचा खणखणीत आवाज दुकानभर घुमत होता. "माय ट्रॅक्टर्स बंब इज बर्न्ट. आय नीड अ न्यू बंब!"

काउंटरवरच्या दाढीवाल्याने मान वाकडी केली. "युअर ट्रॅक्टर्स व्हॉट, लव्ह?"

"बंब! बंब! इट गोज इनसाइड अँड कीप्स हिम वॉर्म!"

मागची सगळी रांग छताकडे बघायला लागली. मी धावत जाऊन "ब्लॉक हीटर, मेट, ब्लॉक हीटर" केलं तेव्हा कुठे त्या माणसाचा जीव भांड्यात पडला. गाडीत बसल्यावर मावशींनी विचारलं, "हसायला काय झालं रे सगळ्यांना?" इंग्रजीत तसाच ऐकू येणारा शब्द शरीराच्या कुठल्या भागासाठी वापरतात ते मी जमेल तेवढ्या सभ्य भाषेत सांगितलं. मावशींनी मला जोरात चापट मारली आणि घर येईपर्यंत पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारख्या हसत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी ऑपरेशन. हो, मावशींचा शब्द. इंजिनाखाली बादली ठेवून हिरवं कूलंट काढलं. जुनी कांडी मी ओढतोय तर निघेना. "हिसडू नकोस! दात काढतोयस का? हळूहळू फिरव." निघाली. काळीठिक्कर. भोकाची कड मावशींनी फडक्याने पुसली, नव्या कांडीचं रबरी कडं कूलंटमध्ये बुडवून ओलं केलं आणि कांडी अलगद आत सरकवली. मी स्क्रू आवळला आणि मोठ्या उत्साहाने प्लग उचलून सॉकेटकडे निघालो.

"थांब! गाढवा, बंबात पाणी आहे का?"

नव्हतं. मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलो, गीझरचं बटण दाबून. रिकाम्या पोटी तापवली तर कांडी जागच्या जागी जळते हे मला कोण सांगणार? मावशी स्टुलावर बसून हताशपणे म्हणाल्या, "आधी पाणी, मग विस्तव. तुम्हा पोरांना बंब माहीत नाही, इथेच सगळा घोळ आहे." मग आम्ही कूलंट भरलं. दुपारच्या उन्हात, चार्ज केलेल्या बॅटरीवर, इंजिन कुरकुरत का होईना चालू झालं. आतली हवा निघून गेली, पातळी उतरली तेवढं परत भरलं. पाइपांचे क्लँप मी आवळले आणि प्रत्येक सांध्यावरून मावशींनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. अगदी कोरडं. संध्याकाळी प्लग घातला. स्विच उडाला नाही. गोधडी घातली.

शनिवारी पहाटे सगळा माळ पांढराफेक. नितीन पातळ जॅकेटमध्ये कुडकुडत उभा. ग्रॅहमही कुंपणाला टेकून उभा होता, रिकाम्या हाताने. मावशींनी गोधडीची घडी घातली, ताप बघावा तसा इंजिनावर तळवा ठेवला, प्लग काढला आणि चढून बसल्या. किल्ली फिरवली.

धडधड! पहिल्या किल्लीला! काळ्या धुराचा एक भपका आणि मग ते म्हातारं इंजिन असं एकसुरात चालायला लागलं की काय सांगू. ग्रॅहमने टोपी हवेत उडवली. माझे तर डोळेच भरून आले. एवढा अभिमान मला माझ्या पदवीदानालाही वाटला नव्हता. कानटोपी घातलेली ती सत्तरीची बाई ताठ मानेने वर बसली होती, आणि गाव उठवणाऱ्या माझ्या मावशीला घेऊन जायची कुणाची टाप नव्हती.

नितीनही हसला. मनापासून. "ओके आई, यू विन. खरंच ग्रेट आहेस तू. एजंट कॅन्सल." मग त्याने फोन काढला. "अगं, मग मंडेपर्यंत राहायचं कारणच नाही ना. आज रात्रीच्या फ्लाइटने निघतो. उद्या मुलांची मॅच आहे."

मावशींनी इंजिन बंद केलं. शेडमध्ये एकदम शांत झालं. खाली उतरल्या, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "नितीन, तो खालचा पाइप गळतोय रे, वाटतं."

नितीनने माझ्याकडे पाहिलं. "इज इट?"

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. हातातल्या फडक्याची उगाच घडी घालत होत्या.

"हो रे," मी म्हणालो. "मलाही मघाशी थेंब दिसला. काम आहे जरा. सोमवार उजाडेल."

नितीनने सुस्कारा सोडला, घरी फोन करून मॅचचं सांगितलं, जॅकेट काढून मला दिलं आणि पाना घेऊन ट्रॅक्टरखाली सरकला. मावशी शेजारी मांडी घालून बसल्या आणि त्याच्यासाठी टॉर्च धरला. त्याने पाना उलटा फिरवायला घेतला. मी तोंड उघडणार तोच मावशींनी माझ्या पायावर चापट मारली. चांगला घट्ट क्लँप सैल झाला आणि नितीनच्या कपाळावर कूलंटचा एक हिरवा थेंब पडला.

"बघ," मावशी म्हणाल्या आणि हाताने त्याचं कपाळ पुसलं. "म्हटलं नव्हतं मी?"