नरहररावांची छातीपर्यंतची पँट

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झकास झालं, असं सगळे म्हणत होते. नरहररावांचं मत वेगळं होतं. डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला शौचाला नवी वाट करून दिली होती आणि तिच्यावर एक पिशवी चिकटवली होती. गेली चाळीस वर्षं पँटचा पट्टा जिथे बसायचा, नेमकी तिथेच आता ही बसली होती. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात शंभर माणसांवर हुकूम गाजवलेला हा इंजिनियर तीन महिने लेंग्यात घरी होता. पिशवी मंदाकिनीबाई बदलत. तेवढा वेळ नरहरराव छताकडे बघत.

शेवटी ते महाराणा प्रताप नगरातल्या जुन्या शिंप्याकडे गेले आणि कंबर पार छातीपर्यंत, खांद्यावरून पट्टे, अशी पँट सांगितली.

"इत्ती ऊंची पतलून अब कौन पहनता है, साहब?" मास्टरनं विचारलं.

पिशवीचं नाव काढण्यापेक्षा मरण बरं. "नाटक में काम कर रहा हूं," नरहरराव म्हणाले आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन घरी आले.

मराठी मंडळाच्या नाटकांचे कपडे हाच मास्टर शिवतो, हे ते साफ विसरले होते. तिसऱ्या दिवशी मंडळाची नाटकं बसवणाऱ्या शोभाताई संहिता घेऊन दारात हजर. परक्यांच्या नाटकात काम करता म्हणून आधी रुसल्या, मग आजोबांची भूमिका पुढे केली. पाठांतर होत नाही म्हणावं, तर प्रॉम्प्टर होता. उभं राहवत नाही म्हणावं, तर आजोबा तिन्ही अंक खुर्चीतच होते. घाम पुसत नरहररावांनी ठेवणीतलं कारण काढलं: तब्येत बरी नसते.

"मंदाच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात," शोभाताई हसल्या आणि चहा घेऊन आलेल्या मंदाकिनीबाईंकडे वळल्या. "नायिकेचं काम तुलाच दिलं होतं गं. तुला चक्कर येते म्हणून यांनी फोन केला. आता बरी असतेस ना?"

मंदाकिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला. बायको चारचौघांत परपुरुषाच्या गळ्यात पडणार, हे सहन न होऊन सव्वीस वर्षांपूर्वी नरहररावांनी तो फोन केला होता. घरी मात्र, शोभाताईंनी दुसरीला घेतलं, एवढंच सांगितलं होतं.

"मला वाटायचं, मला जमलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून पुन्हा कधी गेलेच नाही."

नरहररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पिशवीनंही गुरगुरून हजेरी लावली. मग त्यांनी शोभाताईंना सगळंच सांगून टाकलं: पँटचं, पिशवीचं आणि त्या फोनचंही.

नायिका बावीस वर्षांची हवी होती. शोभाताईंनी नरहररावांना सोडलं आणि मंदाकिनीबाईंना आजीचं काम दिलं. तालीम रोज पाचला, आणि पहिल्याच दिवशी नेमकी पिशवी बदलायची होती. थांबते, असं त्या म्हणाल्या. नरहररावांनी त्यांना बळेच पाठवलं आणि तीन महिन्यांत प्रथमच स्वतःच्या पोटाकडे नीट पाहिलं.

साडेसातला त्या परतल्या तेव्हा नरहरराव बाथरूममधल्या स्टुलावर बसले होते. पिशवी वाकडी, नवी पँट बादलीत.

"जमलं का?" मंदाकिनीबाईंनी दारातून विचारलं.

मस्त जमलं म्हणायला नरहररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही," ते म्हणाले. "तुझं?"

मंदाकिनीबाई पदर खोचून त्यांच्यासमोर बसल्या.

"माझंही नाही. सारखी सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या नायिकेचीच वाक्यं तोंडात येत होती."