गोविंद मेस्त्रीचा डावा हात

गोविंद मेस्त्री रोज सकाळी माझ्या वखारीतून सुतारकामाचं बाकडं डोक्यावर घेऊन चालता व्हायचा. बोईसर स्टेशनाजवळ मी स्वतःच्या हिमतीवर वखार उभी केली, तिला पक्कं छप्पर घातलं. आणि हा माणूस माझी दारं कधी सालवडच्या चिंचेखाली, कधी पामच्या तळ्यावर बनवणार. का, तर म्हणे, "जुन्या जागेत हात झोपतो, शेट."

"मग घरी जाऊन तूही झोप," मी म्हणायचो. तो हसून बाकडं उचलायचा.

तेव्हा तारापूरकडे विजेचा मोठा प्रकल्प उभा राहत होता. कामगारांच्या चाळींना दारं हवी होती. ते काम मी भांडून, घासाघीस करून पदरात पाडलं होतं, ते गोविंदच्या भरवशावर. त्याने रंधा मारलेल्या फळीवरून माशी घसरावी, असा त्याचा हात. उजवा हात. आणि नेमकं त्याच वेळी, पन्नाशी उलटल्यावर, हा गृहस्थ डाव्या हाताने काम शिकायला निघाला.

"उजवा मोडला का रे?"

"नाय. उजव्याला आता शिकायचा काय ऱ्हायलाय?"

नव्या जागी पहिल्या दिवशी खिळे सरळ जायचे. जागा सवयीची झाली की पुन्हा वाकडे. मग बाकडं पुढे. रस्त्यात प्रकल्पावरचे कामगार विचारायचे, "मिस्त्री, आज दुकान किधर?" मी ओरडलो की तो चिंधी बांधलेला उजवा अंगठा वर करायचा. "परवापेक्षा कमी लागला, शेट."

शेवटी एक दिवस बैलगाडीभर दारं परत आली. प्रत्येक दाराची कडी उलट्या बाजूला, डाव्या हाताला सोयीची. दार उघडलं की मोरीचा रस्ता बंद. ठेकेदाराने चारचौघांत माझी अक्कल काढली. मी तडक पामला गोविंदच्या घरी गेलो. घराला कुलूप, आणि तिथेही कडी उलट्या बाजूला. शेजारीण म्हणाली, "दोगा खाडीवर गेली."

वाटभर मी शिव्या जुळवत गेलो.

खाडीच्या काठी एका पालथ्या होडीला टेकून गोविंद आणि त्याची बायको बसली होती. पावसाळ्याआधी तिची उजवी बाजू लुळी पडली होती. मला ते ठाऊक होतं. चार शहाळी पाठवून मी मोकळा झालो होतो. दोघांपुढे भाताच्या ताटल्या होत्या. दोघंही डाव्या हाताने जेवत होती.

"अवो, सांडतोय तुमचा," ती म्हणाली.

एवढ्यात तिने मला पाहिलं. हात ताटलीतून काढून पदराखाली घेतला.

गोविंद उठून माझ्याजवळ आला. "घरात समोर देव हायत, शेजारीपाजारी हायत. डाव्या हातान घास घेयाची तिला लाज वाटते. भरवला तर तोंड फिरवते. पर नव्या जागी हात चालतो तिचा. आन् मीच शिकलो नाय, तर तिला कुठल्या तोंडान सांगू?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "जरा तिकडं तोंड करा, शेट. थांबली ती."

मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. दारांचा राग तसाच होता. बऱ्याच वेळाने मागे ताटली वाजली.

"आता बोला, शेट."

"जेवल्या का वहिनी?"

"अर्धी ऱ्हायलीय."

"मग थांबतो."