सुभेदारांचा ग्लास आणि टमरेल

कोरेगावचे आमचे शेजारी सुभेदार गूळ चाखून थुंकायचे.

तेही थाटात. खाकी पिशवीतून लोकरीचा मोजा निघे आणि मोज्यातून एक नाजूक, उंच दांड्याचा काचेचा ग्लास. मागोमाग पत्र्याचं टमरेल. ग्लासात गरम काकवी घ्यायची, उजेडाकडे धरायची, गोल फिरवायची. काकवी काही पाण्यासारखी फिरत नाही, तिला वेळ लागतो. तेवढा वेळ सुभेदार डोळे मिटून उभे राहत आणि सगळ्या गुऱ्हाळाने गप्प राहायचं. मग वास, मग एक घोट. तो जिभेवर इकडून तिकडे नेऊन शेवटी टमरेलात थुंकायचा. गुळाचा खडा असला तरी तीच तऱ्हा. मग चूळ भरून निकाल. चांगल्याला "ब्वानो", फार चांगल्याला "लय ब्वानो", आणि उरलेल्यांना "रिजेक्ट".

बाळांनो, तुम्ही परवा फोटो पाठवलात. द्राक्षांच्या मळ्यातलं छोटंसं घर, घरच्या माणसांनी केलेली वाइन, ती चाखायची वेगळी खोली आणि तुम्हा दोघांच्या हातात तसलेच ग्लास. खाली लिहिलं होतंत, आजीला यातलं काही कळणार नाही. आजीने हे सगळं सत्तरच्या दशकात साताऱ्या-सांगलीच्या गुऱ्हाळांवर पाहिलेलं आहे. फक्त द्राक्षांच्या जागी ऊस होता. क्रमाने सांगते. आधी माणूस, नंतर हकिकत.

सुभेदार तरुणपणी लढाईसाठी इटलीत गेले होते. तिथे एका म्हातारीच्या घरी, तळघरात, पिंपांच्या रांगा होत्या. तिचा मुलगा प्रत्येक पिंपातली वाइन चाखून थुंकायचा आणि कुठली झाली, कुठली व्हायची ते सांगायचा; जमलेलीला म्हणायचा "ब्वानो", म्हणजे छान. निघताना म्हातारीने सुभेदारांना एक ग्लास दिला. गावी आल्यावर त्यांनी दारूला हात लावला नाही. पण ग्लास जपला, आणि पुढे एका वर्षी अचानक तो घेऊन गुऱ्हाळांच्या फेऱ्या सुरू केल्या.

फेऱ्या आमच्या फियाटमधून होत. तुमचे आजोबा डॉक्टर. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की दर रविवारी सकाळी सुभेदार दारात हजर. "चला डॉक्टर, पेशंट काय मरत न्हाईत. गाडी काडा." पुढे ते दोघे, मागे मी आणि माझ्या मांडीवर टमरेल. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई मी, पण रविवारी माझा हुद्दा हा होता.

कोरेगावपासून थेट पलूसपर्यंत आम्ही एकाही गुऱ्हाळाचं चुलवण सोडलं नाही. सुभेदारांचे शेरे ऐकण्यासारखे असत. "ओलं चिपाड जाळलंय, धूर लागतोय जिभेला." "ऊस बरा हाय, मानसं घाईची हायती." एका गुळव्याला, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणाऱ्या माणसाला, ते म्हणाले, "गड्या, सकाळी बायकुसंगं भांडून आलायस." तो खरंच भांडून आला होता.

थुंकण्यावरून मात्र ठिकठिकाणी खटके उडत. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस आणि गूळ फुकट मिळतो, आणि तो थुंकणं म्हणजे घरधन्याचा अपमान. एका गुऱ्हाळावरची म्हातारी ऊस उगारून धावली.

"आवं, लक्ष्मी हाय ती! थुकताय काय?"

"आजी, ही इटलीची रीत हाय."

"मंग इटलीत जाऊन थुका की!"

त्या दिवशी आम्ही फियाट उलटी वळवायलाही थांबलो नाही. आजोबांनी ती मागच्या मागेच पळवली.

एवढ्या गुऱ्हाळांत एकच असं होतं की तिथे सुभेदार गाडीतून उतरत नसत. पलूसच्या अलीकडचं, रस्त्यालगतचं. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी, हौसा, दिलेली होती. 'दिलेली' म्हणणंही बरोबर नाही. सुभेदारांनी तिच्यासाठी पलटणीतला नाईक पाहून ठेवला होता. हौसाने ऐन सुपारीच्या दिवशी सांगितलं, "मला गुऱ्हाळवाल्याच्याच घरी जायाचंय." आणि गेली. सुभेदार सगळ्या आळीला ऐकू जाईल असं गरजले, "तुज्या गुऱ्हाळाचा गूळ माज्या घशाखाली उतरायचा न्हाई! सोल्जरचा वर्ड हाय!" त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद.

तिच्या गुऱ्हाळाजवळ आलो की ते खिडकीची काच खाली करत आणि समोर पाहत म्हणत, "डॉक्टरीणबाई, तुमाला रस प्यायचा आसंल. जावा की. येताना सँपल आना. सगळ्यांचंच घेतो, म्हनून."

मी जाई. घरचा गुळव्या आजारी पडला तेव्हापासून हौसाच रस आटवायच्या काहिलीपाशी उभी राहू लागली होती. पदर खोचलेला, हातात लांब दांड्याचा झारा, तोंड धगीने लाल. गुळाचा खडा पानात बांधून देताना ती दर वेळी विचारी, "काकू, मागच्या येळंला आबा काय म्हनलं?"

"काही नाही गं."

"थुकलं?"

"थुंकले."

"थुकायलाच लागंल त्यास्नी," ती म्हणे आणि झाऱ्याकडे वळे. मला ते बोलणं तुटक वाटे.

गाडीत सुभेदार तो खडा फार वेळ तोंडात ठेवत. दुसऱ्या गुळाला लागे त्याच्या कितीतरी पट. मग टमरेल मागून घेत, अगदी निगुतीने थुंकत आणि दोनदा चूळ भरत. निकाल विचारला तर म्हणत, "केस पेंडिंग हाय."

एका हंगामात हौसा माझ्यापाशी हळूच म्हणाली, "काकू, मामंजींनी दुसरा गुळव्या बगितलाय. म्हनत्यात, बाईच्या हातचा गूळ बाजारात कोन धरनार? कोरेगावात ह्याला पयला नंबर मिळाला तर तू ऱ्हा काहिलीवर, न्हाईतर चुलीपाशी जा." तिने गुळाची एक लहान ढेप माझ्या हातात दिली. "नाव सांगू नका."

कोरेगावच्या बाजारात त्या दिवसांत एक करमणूक ठरलेली होती. आडते वेगवेगळे गूळ मांडत आणि सुभेदार डोळे बांधून कुठल्या गुऱ्हाळाचा कुठला ते सांगत. त्यांचा नंबर मग बाजारभर चाले. त्या बाजारी मी हौसाची ढेप शेवटच्या पानावर ठेवायला दिली. आजोबांनी दवाखान्यातलं बँडेज सुभेदारांच्या डोळ्यांवर बांधलं आणि गाठ जरा जास्तच आवळली.

सुभेदार एकेक खडा तोंडात टाकत, थुंकत, सांगत पुढे सरकले. एकही चुकलं नाही. लोक शिट्ट्या मारत होते. शेवटचा खडा तोंडात गेला आणि ते थांबले. मला त्यांचे डोळे दिसत नव्हते, पण मिशी हलताना दिसत होती.

"काय सुभेदार, अडकलं जनू?" मोठा आडत्या हसला.

सुभेदारांनी हात पुढे केला. मी टमरेल दिलं. ते सावकाश थुंकले, दोनदा चूळ भरली आणि परेडवर देतात तशा आवाजात म्हणाले, "पयला नंबर. लय लय ब्वानो."

"कुनाचा?"

"माज्या हौशीचा."

आडत्या म्हणाला, "म्हंजी बाईनं केलेला? आवं, लेकीचा म्हनून पयला व्हय?"

सुभेदारांनी बँडेज ओरबाडून काढलं. "बाई न्हाई. गुळव्या म्हनायचं! आन् माज्यावर इस्वास नसंल तर तुमी चाखा. गिळून चाखा न्हाईतर थुकून चाखा!"

आडत्याने चाखला. तोंड वाकडंच ठेवलं त्याने. पण त्याचा हात पुन्हा त्या ढेपेकडे गेला आणि सगळा बाजार एका आवाजात ओरडला. निकाल लागला होता. कुणीतरी सुभेदारांना खांद्यावर घेतलं. ते वरून ओरडत होते, "आरं ग्लास! ग्लास संभाळा रं!"

त्याच दुपारी फियाट पलूसच्या वाटेला लागली. मी न राहवून विचारलं, "सुभेदार, इतकी वर्षं तो गूळ चाखत होतात आणि बोलला नाहीत?"

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "वर्ड दिलावता, बाई. घशाखाली उतरायचा न्हाई म्हनून. जिभेचं काय बोललो नव्हतो." मग हळूच म्हणाले, "पर तिचाच तेवडा थुकला आस्ता तर लोकांनी काय म्हनलं आसतं? म्हनून समद्यांचाच थुकत आलो."

एका मुलीचा गूळ जिभेवर यावा म्हणून या माणसाने दोन जिल्ह्यांतल्या गुऱ्हाळांचे शिव्याशाप घेतले होते.

या वेळी ते गाडीतून उतरले. हौसा काहिलीवर वाकलेली होती. सासरे पुढे येऊन काही बोलणार, तोच ती मान वर न करता म्हणाली, "आबा, थांबा वाईच. पाक आलाय."

बापाला थांबवलं तिने! मी सुभेदारांकडे पाहिलं. ते टाचा जुळवून ताठ उभे होते आणि चेहऱ्यावर असं तेज की जणू पदक मिळालंय. पाक उतरला, निववायच्या वाफ्यात ओतला गेला, तेव्हा कुठे हौसाने घाम पुसला.

"मामंजींस्नी निकाल सांगितला?" तिने बापाला विचारलं.

"आर्डर झालीया. पयला नंबर."

सासऱ्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

सुभेदारांनी मोज्यातून ग्लास काढला. हौसाने त्यात बाजूला निवत ठेवलेली काकवी ओतली. त्यांनी ती उजेडाकडे धरली नाही, फिरवली नाही, वासही घेतला नाही. तोंडाला लावली. मी सवयीने टमरेल पुढे केलं.

त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

हौसा झारा धरून बघत होती. "आबा..." एवढंच म्हणाली.

सुभेदारांनी रिकामा ग्लास तिच्यापुढे धरला.

"आनी घाल."