शू म्हणजे कोबी

"शू मला एका दुपारी जमेल," असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि काळजीनं माझ्याकडे बघितलं.

तुम्हीही तसंच बघायच्या आत सांगून टाकतो. शू हा एक फ्रेंच पदार्थ आहे. पाणी आणि लोणी उकळायचं, त्यात मैदा घालून घोटायचा, मग त्यात अंडी फेटायची आणि त्या पिठाचे गोळे ओव्हनमध्ये ठेवायचे. गोळे टम्म फुगतात आणि आतून पोकळ होतात. त्या पोकळीत क्रीम भरायचं. माझं क्रीमही काही साधंसुधं नव्हतं. हेझलनट आणि बदाम साखरेच्या पाकात परतायचे, दळायचे आणि ती पूड क्रीममध्ये मिसळायची, असा बेत होता. फ्रेंच भाषेत शू म्हणजे कोबी. फुगलेला गोळा कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं.

"मग कोबीच म्हण ना," ती म्हणाली.

मी नकार दिला. ज्याचं जे नाव असेल तेच घ्यावं, असा माझा बाणा आहे. या बाण्यापायी ऑफिसातही माझं कोणाशी फारसं पटायचं नाही. अर्थात तो प्रश्न आता उरला नव्हता, कारण ऑफिसनं माझा अख्खा विभागच बंद करून टाकला होता आणि मी काही महिने घरीच होतो. घरी बसून मी पाव, केक, बिस्किटं करू लागलो. शेजारपाजारचे मिटक्या मारत खायचे. तेव्हा मनात आलं, आपणच बेकरी काढली तर?

बेकरीला जागा हवी. जागा होती, पण ती सासऱ्यांची होती. सासरे डॉक्टर. हमरस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचा दवाखाना. तळमजला, भरपूर उजेड, नळाला सतत पाणी. निवृत्त झाल्यापासून त्याचं शटर खालीच होतं. त्या शटरमागे मला तपासायचं टेबल न दिसता ओव्हनच दिसायचा. मी एकदा हिंमत करून विषय काढला. ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाले, "शनिवारी येतो. काहीतरी करून खायला घाला, मग बोलू." निवृत्तीनंतर ते इतकं कमी बोलायचे की हे ऐकून मला होकार मिळाल्यासारखाच वाटला.

शनिवार उजाडला. बायको शाळेत शिकवते आणि त्या दिवशी परीक्षा होती, त्यामुळे तिचा फोन शाळेच्या कपाटात बंद. मैदान मोकळं होतं. मी ॲप्रन बांधला आणि कामाला लागलो.

पहिली खेप ओव्हनमध्ये सुंदर फुगली. इतकी सुंदर, की जवळून बघावी म्हणून मी ओव्हनचं दार उघडलं. गोळे माझ्या डोळ्यांदेखत बसले. दार मध्येच उघडायचं नसतं, हे कृतीत पुढच्या ओळीत लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला मी स्वयंपाकघरात पाऊलच टाकलं नाही, बाहेरच येरझारा घातल्या. ती खेप छान झाली.

घोडं अडलं ते क्रीमपाशी. पाकातले दाणे थंड होऊन त्यांची अशी काही फरशी झाली, की मिक्सरनं दोनदा मान टाकली. पूड झाली, पण भरड. ती क्रीममध्ये मिसळून मी क्रीम भरायच्या पिशवीच्या टोकाला नोझल बसवलं, आत क्रीम घातलं आणि दाबलं. काहीच येईना. पाकाचा एक खडा नोझलच्या तोंडाशी रुतून बसला होता. आणखी दाबलं तर थेंब आला. मग जीव खाऊन दाबलं, तर पिशवीच कडेनं फाटली आणि क्रीम माझ्या कोपरापर्यंत पोचलं.

नेमका तेव्हाच मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याचं औषधाचं दुकान आहे आणि संध्याकाळी सासऱ्यांना गाडीतून तोच आणणार होता. मी कोपरानं फोनचा स्पीकर चालू केला.

"काय भाऊजी, कसं काय?"

"काय सांगू तुला," मी म्हणालो, "सकाळपासून शूच्या मागे आहे. आता काम अडलंय. तोंडाशी खडा अडकून बसलाय."

मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "अजिबातच येत नाहीये?"

"जोर लावला की थेंब येतो."

"रंग कसा आहे?"

हा प्रश्न मला फार आवडला. आमच्या घरात माझ्या पाककलेची इतकी बारीक चौकशी कोणी करत नाही. "बदामी," मी म्हणालो. "थोडा गडदच. चव बघितली तर जरा कडवट लागली."

"चव? कोणी बघितली?"

"मीच. दुसरं कोण बघणार?"

फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज आला. गिऱ्हाईक आलं असेल, असं मला वाटलं. तो परत बोलू लागल्यावर मी त्याला विचारलं, तुझ्याकडे पिशवी मिळेल का रे, पुढे नळीसारखं तोंड असतं तशी. तो म्हणाला, आहेत ना, दुकानात पडूनच असतात. औषधाच्या दुकानात क्रीम भरायच्या पिशव्या कशाला, हे मला कळेना. पण हल्ली तिथं साबणापासून चॉकलेटपर्यंत सगळं मिळतं, तेव्हा मी जास्त विचार केला नाही. मोठ्या तोंडाची आण, एवढं बजावलं.

"भाऊजी, तुम्ही आडवे व्हा. भरपूर पाणी प्या. आम्ही निघालोच," तो म्हणाला.

"बाबांना आधीच काही सांगू नकोस हं," मी म्हणालो. त्यांना सगळं ताटात मांडूनच दाखवायचं होतं.

"तसं कसं चालेल?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी बुचकळ्यात पडलो. पिशवी फाटल्यावर माणसानं आडवं का व्हायचं? पाणी कशाला प्यायचं? तरी सांगणारा प्रेमानं सांगत होता, म्हणून पेलाभर प्यायलो.

ठरल्यापेक्षा बरंच आधी दार वाजलं. सासरे आत आले ते जवळजवळ धावतच. हातात त्यांची जुनी चामडी बॅग. मागे मेहुणा, त्याच्या हातात एक सीलबंद पाकीट आणि चेहऱ्यावर सुतक. माझा ॲप्रन, हातावरचं क्रीम, कपाळावरचा मैदा, यातलं काहीही सासऱ्यांनी बघितलं नाही. "कुठं आडवे होता?" त्यांनी विचारलं.

मला समजेना. पण दवाखान्याची जागा त्यांची होती. मी सोफ्यावर आडवा झालो.

त्यांनी बॅग उघडली, स्टेथोस्कोप काढला, माझा शर्ट वर केला आणि पोट दाबायला सुरुवात केली. इथं दुखतं का? इथं? मागे, कमरेत? मी सगळीकडे नाही म्हणत होतो. मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाण्याच्या पदार्थांचा धंदा करणाऱ्याची तब्येत तपासून घ्यावी लागते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणजे सासऱ्यांनी जागा द्यायचं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं! आनंदानं मी पोट आणखी सैल सोडलं.

"त्रास कधी सुरू झाला?" त्यांनी विचारलं.

"सकाळी, बाबा. पहिली खेप मी मध्येच उघडून बघितली, तिथंच चुकलं."

सासरे आणि मेहुणा यांनी एकमेकांकडे बघितलं.

"दुसरी मात्र छान झाली," मी घाईनं म्हणालो. "आत ट्रेमध्ये ठेवलीय. तुमच्यासाठीच."

"ट्रेमध्ये," मेहुणा पुटपुटला आणि खुर्चीत बसला. सासऱ्यांनी माझा हात थोपटला. नमुना जपून ठेवला हे उत्तमच केलं, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी लग्नातही ऐकला नव्हता. मग त्यांनी मेहुण्याला पाकीट उघडायला सांगितलं. आतून लांबलचक नळी असलेली, रेघा आणि आकडे छापलेली प्लास्टिकची पिशवी निघाली. मी उठून बसलो.

"अरे, ही कसली आणलीस? यात क्रीम कसं भरायचं?"

"क्रीम?" दोघंही एकदम म्हणाले.

एवढ्यात दार उघडून बायको आत आली. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, हवेत नाक वर करून वास घेतला आणि खुशीत विचारलं, "वा, झाली का शू?"

वडील आणि भाऊ आपल्याकडे असे का बघताहेत, हे तिला कळेना. मी सोफ्यावर शर्ट वर करून का बसलोय, तेही कळेना. तिनं नळीची पिशवी बघितली, स्टेथोस्कोप बघितला, मग सरळ आत गेली आणि ट्रे घेऊन बाहेर आली. मेहुण्यानं डोळे मिटून घेतले.

"कोबी म्हण म्हणाले होते मी," ती म्हणाली.

पुढचा खुलासा तिनंच केला. मेहुणा हसता हसता खुर्चीवरून घसरला. सासरे हसले नाहीत. ते स्टेथोस्कोप हातात घेऊन तसेच उभे होते. क्रीम अजून भरायचंच होतं. नळीची पिशवी कोरी होती, तोंडही रुंद होतं, आणि क्षणभर माझ्या मनात एक विचार आला. पण बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मी निमूटपणे सुरी आणि चमचा आणायला गेलो. गोळे कापून आत चमच्यानं क्रीम घातलं. सासऱ्यांनी एक खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसरा उचलला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"छान झालंय," ते म्हणाले. "कडवटपणा मुळीच नाही. आणि तुमचं पोटही उत्तम आहे." मग स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत बायकोला म्हणाले, "हात अजून विसरले नाहीत गं. गाडीत बसल्यापासून मला किती वर्षांनी बरं वाटत होतं. मी दवाखाना परत उघडतो."

बायकोचे डोळे भरून आले. माझेही आले, पण कारण वेगळं होतं. बेकरी गेली होती, आणि तिला घालवणारा पेशंट मीच होतो. मला फार वाईट वाटलं. आणि आनंदानं उजळलेल्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून वाईट वाटण्याचीही लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात मात्र सासऱ्यांचाच फोन आला. ते म्हणाले, दवाखान्यात पूर्वी कंपाउंडर बसायचा ती खोली रिकामीच आहे, तिला रस्त्याकडे एक खिडकी आहे. मला आता कंपाउंडर नको, तुमचा ओव्हन मावत असेल तर बघा. ओव्हन मावला. सोबत मीही कसाबसा मावलो.

पाटी रंगवून घेताना बायकोनं पुन्हा एकदा सुचवून पाहिलं. पण ज्याचं जे नाव असेल तेच! पहिल्या दिवशी सासऱ्यांनी शटर वर केलं, मी खिडकी उघडली. वर त्यांची मोठी पाटी, 'दवाखाना'. तिच्याखाली, बाण काढलेली, माझी: 'ताजी शू, या खिडकीत'.

पहिलं गिऱ्हाईक लगेचच आलं. स्वेटर घातलेले एक सभ्य गृहस्थ. त्यांनी दोन्ही पाट्या शांतपणे वाचल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि कागदात गुंडाळलेली एक छोटी बाटली माझ्यापुढे ठेवली.

"अगदी ताजी आहे," ते हळूच म्हणाले. "रिपोर्ट कधी मिळेल?"