दुंडाप्पा गव्याचं डोकं

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात कबड्डीचं फार वेड होतं. तिथल्या संघात दुंडाप्पा नावाचा गवा होता. तो चढाईला निघाला की समोरची सांबरं आपणहून बाद व्हायची.

एकदा नदीपलीकडच्या संघाशी अंतिम सामना लागला. पहिल्याच चढाईत दुंडाप्पाचा पाय घसरला आणि तो कडेच्या सागाच्या झाडावर डोक्याने आपटला. झाड हललं. दुंडाप्पा मात्र हलेना.

जंगलाच्या डॉक्टर सारसबाई धावत आल्या. तो डोळे उघडेपर्यंत थांबल्या. मग विचारलं, "दुंडाप्पा, आज सामना कोणाशी आहे?"

"सामना कसला? आज माझं लग्न आहे," दुंडाप्पा म्हणाला आणि भडाभडा ओकला.

"मेंदूला हादरा बसलाय," सारसबाई म्हणाल्या. "याला बाहेर बसवा. आज पुन्हा आपटला तर कायमचा जायबंदी होईल."

प्रशिक्षक तरसराव हसले. तरसच ते. "बाई, रक्त कुठे दिसतंय? आणि लग्नाच्या दिवशी ओकारी कोणालाही येते."

मग त्यांनी स्वतःच तपासणी केली. पंजा वर धरून विचारलं, "नखं किती?"

"तुम्ही म्हणाल तेवढी, सर."

"बघा, एकदम शुद्धीवर आहे."

प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या. दुंडाप्पाला वाटलं, वरात निघाली. तो लटपटत उठला आणि कबड्डी, कबड्डी करत थेट आपल्याच संघावर धावून गेला. वाटेत तरसराव उभे होते. दोघंही मागच्या खडकावर जाऊन आदळले.

तरसरावांना टेंगूळ आलं.

"बाई, गरगरतंय," ते कण्हत म्हणाले. "मला अंधारात झोपवा. कोणी बोलू नका."

त्यांना अलगद गुहेत नेलं. राजाने सक्तीची विश्रांती फर्मावली. गुहेच्या आसपास कोकिळांना गायची बंदी झाली.

दुंडाप्पाला शौर्यपदक मिळालं. ते अजून त्याच्या गळ्यात आहे. "हे कोणाचं हो, बाई?" असं तो शेजारी चरणाऱ्या गव्याणीला रोज विचारतो. ती त्याची बायको. ती रोज त्याला आपलं नाव सांगते आणि पाणवठ्यावर घेऊन जाते.

तात्पर्य : डोक्याला मार बसल्यावर विश्रांती घ्यावी, हे प्रशिक्षकांना पक्कं ठाऊक असतं. फक्त मार योग्य डोक्याला बसावा लागतो.