बिट्टी मुंगूस, तळं आणि फांदी

एका जंगलात, म्हणजे जिथे सगळ्यांचं सगळ्यांना माहीत असतं अशा एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. कधीतरी दरड कोसळली, ओढा अडला आणि दगडमातीचा बांध आपोआप तयार झाला. त्यामागे पाणी साठलं. अख्खं जंगल त्यावर उन्हाळा काढायचं.

त्या जंगलात बिट्टी नावाची मुंगसाची मुलगी राहायची. आता तिची अक्कल कशी वाढली ते ऐका. मी काही मुद्दाम कान देऊन ऐकत नव्हते, पण शेजार म्हटला की कळतंच.

अगदी लहान होती तेव्हा हिला जे सारखं दिसे ते सारखंच वाटे. करवंद काळं, मुंगळा काळा. बाईसाहेबांनी एकदा करवंद समजून मुंगळा तोंडात टाकला. तो जिभेला असा डसला की विचारू नका.

"अगं, रंग सारखा म्हणून गुण सारखा असतो का?" आई म्हणाली.

बिट्टी रडली. पण ते तिच्या डोक्यात राहिलं.

मग एके दिवशी आईला बिलगलेलं माकडाचं पिल्लू तिला दिसलं. ती म्हणाली, "आई, ते बघ! गुळवेल झाडाला धरते ना, तसंच. पिल्लू म्हणजे वेल, आई म्हणजे झाड."

वेल हिरवी, पिल्लू केसाळ. दिसण्यात काही म्हणजे काही सारखं नाही. पण धरणं सारखं आहे, हे पोरीने ओळखलं! आईला काय आनंद झाला. तिने ही गोष्ट सगळ्या जंगलात सांगितली. मला तर तीनदा सांगितली.

आता त्या जंगलाचा एक नियम होता. सभेत बोलायचं तर धनेश गुरुजींची बुद्धीची परीक्षा पास व्हावी लागे. नापासांनी लांब बसून नुसती मान हलवायची.

त्या वर्षी तळं जरा आटलं होतं. सभेचे प्रमुख गवेराव, म्हणजे भला थोरला गवा, विचारात पडले. एकदा त्यांनी ऐनाच्या रोपाचा शेंडा खाल्ला होता. पंधरा दिवसांत त्याला चार फुटवे आले होते.

"छाटलं की वाढतं," गवेरावांनी जाहीर केलं. "झाडाची फांदी छाटतात, तसा तळ्याचा बांध छाटायचा. तळं दुप्पट होईल."

"वा!" सगळे म्हणाले. म्हणजे पास झालेले म्हणाले. बाकीच्यांनी मान हलवली.

बिट्टीला हे चुकतंय असं वाटलं, पण सभेत बोलायचं तर आधी पास व्हायला हवं. ती तडक परीक्षेला बसली. धनेश गुरुजींनी आपली भली मोठी चोच वाकडी करून प्रश्न घातला, "तळ्याला बांध, तसं झाडाला काय?"

बिट्टीने सागाच्या पानावर लिहिलं, "साल."

"चूक," गुरुजी म्हणाले. "फांदी."

"पण गुरुजी, बांध पाणी आत धरून ठेवतो. साल रस आत धरून ठेवते. सांबराने साल सोललेलं झाड वाळतं की नाही?"

"वाळतं."

"मग?"

"मग काय? तो प्रश्न परीक्षेत नव्हता. पुढचा!"

आई बाहेरच उभी होती. ती बिट्टीला बाजूला घेऊन म्हणाली, "माझे बाई, आत्ता फांदी लिही. एकदा पास हो. मग सभेत जाऊन काय ती साल सांग. तुझं ऐकतील तरी."

बिट्टीला ते पटलं. तिने पुन्हा परीक्षेला बसून नव्या पानावर फांदी लिहिलं आणि पायाचा ठसा उमटवला. गुरुजींनी शाबासकी दिली. आईने सगळ्यांना पिकलेली उंबरं वाटली. माझ्या वाटणीची दोन किडकी निघाली, पण असो.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. बिट्टी धिटाईने पुढे गेली.

"गवेकाका, बांध फोडू नका. बांध म्हणजे तळ्याची साल आहे. तो गेला तर सगळं पाणी वाहून जाईल. आपण प्यायचं काय?"

सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. कासवाने तर मान आत घ्यायची सोडून बाहेर काढली.

गवेरावांनी मायेने हसून तिचं परीक्षेचं पान पुढे केलं. "बाळ, हे पान कुणाचं?"

"माझं."

"यावर काय लिहिलंय?"

"...फांदी."

"आणि हा ठसा?"

"माझाच. पण ते मी इथे बोलायला मिळावं म्हणून..."

"मिळालं ना बोलायला? काल हुशार होतीस, आज कशी गं बिघडलीस?"

सगळे हसले. गवेरावांनी दोन धडका दिल्या आणि बांध फुटला. पाणी धो धो करत खालच्या जंगलात निघून गेलं. तळ्यात उरला चिखल आणि चार बेडूक.

"आता?" कुणीतरी घाबरत विचारलं.

"आता काय, धीर धरायचा," गवेराव म्हणाले. "फुटवा यायला पंधरा दिवस लागतात."

मग सगळे चिखलाभोवती गोल करून बसले. वेळ जावा म्हणून धनेश गुरुजींनी परीक्षा घेतली. "छाटलेल्या झाडाला फुटवा, तर छाटलेल्या तळ्याला काय?" कोरड्या घशाने सगळ्यांनी लिहिलं, "फुटवा." एकूण एक पास झाले. जंगलाचा इतका चांगला निकाल कधी लागला नव्हता.

गैरहजर फक्त दोघी होत्या. बिट्टी आईचा हात धरून पाणी गेलं त्या दिशेने गेली होती. खालच्या जंगलात गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पोटभर पाणी पीत होती, आणि आई काठावरून ओरडत होती, "अगं, बुडालं ना तुझं वर्ष!"

तात्पर्य : कशासारखं काय आहे हे ओळखायची अक्कल मुलांना वयाबरोबर आपोआप येते. ती जास्तच यायला लागली तर घाबरू नये, मुलांना एखाद्या चांगल्या वर्गात घालावं. आमच्याच गल्लीत दोन आहेत. पत्ता हवा असेल तर मला विचारा.